कुत्रा तुमचा, टेकडी सगळ्यांची

‘अहो, नैसर्गिकच आहे ते. मातीत मिसळून जातं.’

पुण्यातल्या कुठल्याही टेकडीवर सकाळी सहा ते आठ या वेळात हे वाक्य कानावर पडतं. म्हणणाऱ्याच्या हातात पट्टा असतो. पट्ट्याला कुत्रा नसतो. कुत्रा पायवाटेच्या कडेला पाठ वाकवून बसलेला असतो आणि मालक एकाएकी दूरच्या सिंहगडाच्या दर्शनात रमलेला असतो. हा माणूस अडाणी नसतो, हे विशेष. तो घरी ओला-सुका कचरा वेगळा करतो, गणपती शाडूचा आणतो, फटाक्यांविरुद्ध सोसायटीच्या ग्रुपवर लांबलचक मजकूर टाकतो. वेताळ टेकडीवरून रस्ता नेण्याच्या विरोधात निघालेल्या मोर्चातही तो बहुधा चालला असेल. आपण निसर्गाच्या बाजूचे आहोत याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नाही, आणि पुरावा मागितलात तर तो कुत्र्याकडे बोट दाखवतो.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कुत्रा पाळतो तो प्राणिप्रेमी. प्राणिप्रेमी तो निसर्गप्रेमीच. आणि निसर्गप्रेमी माणसाला पर्यावरणाचे धडे कोणी द्यायचे? शिवाय कुत्रा हा निसर्गाचाच भाग, तेव्हा त्याच्यापासून निसर्गाला अपाय होणं मुळातच अशक्य. एवढं सांगूनही ज्याला अपाय दिसतो तो कुत्र्यांचा द्वेष्टा. त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

युक्तिवाद गोळीबंद वाटतो. प्रत्यक्षात तो जिथे धराल तिथे तुटतो.

द्वेष्टेपणाचा आरोप आधीच निकालात काढू. कुत्र्याला लिफ्ट बंद, कुत्रा पाळणाऱ्याला भाड्याने घर बंद, असले ठराव करणाऱ्या सोसायट्यांना तसा अधिकारच नाही, हे भारतीय पशुकल्याण मंडळाने 2015 च्या सूचनांमध्ये स्पष्ट केलेलं आहे आणि ते मला शंभर टक्के मान्य आहे. माझ्याही घरी एक गावठी कुत्री आहे; हे लिहिताना ती पायाशी घोरते आहे. तेव्हा शत्रू दुसरीकडे शोधा.

आता ‘नैसर्गिक’कडे वळू. कॉलऱ्याचा जंतू नैसर्गिक आहे. फुरसं नैसर्गिक आहे. गाजरगवतही कोणी कारखान्यात तयार केलेलं नाही. म्हणून यांपैकी काही आपण रोज सकाळी उठून टेकडीवर सोडून येतो का? यावर हमखास गाईचं शेण पुढे केलं जातं. शेण चालतं, मग हे का नाही? कारण साधं आहे. गाय गवत खाते. शेण म्हणजे बव्हंशी न पचलेला चारा. कुत्र्याच्या खाण्यात मांस आणि प्रथिनं भरपूर, म्हणून विष्ठेत नत्र आणि स्फुरद भरपूर, आणि जोडीला जंतांची अंडी. ज्या शेतकऱ्याने पिढ्यानपिढ्या शेणाचा पो वाया जाऊ दिला नाही, त्याने कुत्र्याची विष्ठा शेतासाठी गोळा करून ठेवल्याचं कोणी पाहिलं आहे का? त्याला शेती कळत नव्हती आणि तुम्हाला कळते, असं तर म्हणायचं नाही ना?

टॉक्सोकारा नावाच्या गोलकृमीची अंडी मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. ती खेळणाऱ्या मुलांच्या हातांवाटे पोटात गेली की अळ्या यकृतात, फुप्फुसात आणि कधी डोळ्यातही जाऊन बसतात. अंकुशकृमीच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या कातडीतूनच आत शिरतात. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि त्याला बळी पडतं ते दुसऱ्या कोणाचं तरी दोन-तीन महिन्यांचं पिल्लू. म्हणजे ‘मातीत मिसळून जातं’ हे खरंच आहे. मिसळतं, आणि तिथेच राहतं.

पण जंत ही निम्मीच गोष्ट झाली. उरलेली निम्मी समजून घ्यायला थोडा हिशेब करावा लागतो. लांडगा, खोकड, तरस यांची विष्ठाही जमिनीवरच पडते, असं हे लोक सांगतात. पडते ना. पण खोकड खाते ते त्याच माळावरचं: उंदीर, नाकतोडे, बोरं. माळाकडून घेतलं, माळाला परत दिलं, बाकी शून्य. तुमचा लॅब्राडोर खातो ते कुठलं असतं? कुठल्या तरी पोल्ट्रीतली कोंबडी आणि कुठल्या तरी शेतातला मका, कारखान्यात त्याचे दाणे झाले, चकचकीत पिशवीत भरले आणि ट्रकने पुण्यात आले. तिकडचं नत्र-स्फुरद तो रोज सकाळी टेकडीवर आणून जमा करतो, आणि टेकडीवरून काहीच घेत नाही. मोठा कुत्रा वर्षाला शंभर किलोहून जास्त विष्ठा टाकतो. अशी शंभर कुत्री रोज एका टेकडीवर आली तर वर्षाला दहा टन झाले. उद्या एखाद्याने दहा टन कोंबडखत टेकडीवर ओतलं तर हीच मंडळी फोटो काढून आयुक्तांना पाठवतील.

बेल्जियममध्ये गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी शहराला लागून असलेल्या राखीव निसर्गक्षेत्रांत येणारी कुत्री मोजली आणि 2022 मध्ये हिशेब मांडला: दर हेक्टरी वर्षाला सुमारे 11 किलो नत्र आणि 5 किलो स्फुरद, फक्त कुत्र्यांच्या शी-शूमधून. ज्या जागी खत घालायला कायद्याने बंदी असते त्या जागेची ही गोष्ट. सगळ्या मालकांनी विष्ठा उचलली तर स्फुरदाचा भार 97 टक्क्यांनी उतरेल, असंही त्यांनी दाखवलं. आपल्या टेकड्यांचं वैशिष्ट्यच हे की इथली माती गरीब आहे आणि इथलं गवत, पावसाळ्यातली ती इवलीशी फुलं, त्या गरिबीवरच जगायला शिकली आहेत. तिथे खत वाढलं की दांडगट तणांचं फावतं. मग त्या फुलांचे फोटो काढायला कास पठारावर जावं लागतं, गाडी घेऊन, अर्थात कुत्र्यासकट.

आणि ‘पहिल्या पावसात सगळं धुऊन जातं’ म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं, की कुठे जातं? टेकडीवरून ओढ्यात, ओढ्यातून रामनदीत, तिथून मुळेत. मुंबईत दर पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून अनवाणी जाऊ नका, लेप्टोस्पायरोसिस होईल, असं महापालिका घसा फोडून सांगते. उंदरांना आपण मनसोक्त शिव्या देतो. तो जंतू बाधित कुत्र्याच्या लघवीतूनही बाहेर पडतो आणि त्याच्यावर कुत्र्यांसाठी लस आहे, हे किती मालकांना ठाऊक असतं?

कुत्र्याच्या विष्ठेचं खत करता येतं का? येतं. अलास्कात फेअरबँक्सला स्लेज ओढणारी कुत्री पाळणाऱ्यांनी करून दाखवलं आणि अमेरिकेच्या कृषी खात्याने 2005 मध्ये त्याची पुस्तिकाही काढली. विष्ठेत लाकडाचा भुसा मिसळायचा, ढिगाचं तापमान साठ अंशांच्या वर नेऊन टिकवायचं, ढीग पुन्हा पुन्हा वरखाली करायचा आणि एवढं करूनही ते खत भाजीपाल्याला घालायचं नाही. ही सगळी खटपट करणाऱ्याने माझ्यासमोर खुशाल ‘खत’ म्हणावं. बाकीच्यांनी आधी खाली वाकावं.

वाकण्याचा विषय निघाला की दुसरं उत्तर तयार असतं: ‘आम्ही टॅक्स भरतो, मेंटेनन्स भरतो. सफाईला माणसं आहेत.’

हे उत्तर पहिल्यापेक्षा प्रामाणिक आहे, कारण त्यात निसर्गाचं सोंग नाही. माझ्या लाडक्याचं बूड माझं, पण त्यातून पडलेलं दुसऱ्या कोणाचं तरी. हा दुसरा कोणीतरी कोण असतो, कुठल्या वस्तीतून येतो, त्याच्या आज्यापणज्यांच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या हेच काम का आलं, हे विचारलं की बैठकीत एकदम शांतता पसरते. गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छतेची स्पर्धा भरवणारं हे राज्य. बाबा गावात शिरताना आधी हातात खराटा घेत. इथे स्वतःच्या कुत्र्यामागे हातभर कागद घेऊन चालायची लोकांना शरम वाटते, आणि सफाईवाल्या बाईचा पाय त्या घाणीत भरतो त्याची वाटत नाही.

उचलणाऱ्यांतही एक थोर जात आहे. ते विष्ठा प्लास्टिकच्या पिशवीत बांधतात, वर झकास गाठ मारतात आणि ती पिशवी झुडपाला अडकवून घरी जातात. मातीत निदान कधी तरी विरलं असतं ते आता प्लास्टिकच्या कवचात चिरंजीव होतं. काही जण ती पिशवी ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकतात. पुण्यात हा डबा ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक हातांनी निवडतात. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळं द्या, एवढी साधी मागणी या बायका वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. त्यांच्या हाताखाली आता ही गाठोडी येतात. आणि सोसायटीच्या खड्ड्यात जिरवलेल्या ओल्या कचऱ्याचं खत गच्चीवरच्या मेथीला जातं, हे पिशवी टाकणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

मग करायचं काय? जुन्या वर्तमानपत्राच्या कागदात उचला, घरी आणा, मैलावाहिनीला जोडलेल्या संडासात टाका, पाणी ओता, कागद सॅनिटरी कचऱ्याबरोबर वेगळा बांधून द्या. हात धुवा. एवढंच. ही कल्पना मांडली की कुत्र्याच्या तोंडाचा मुका घेणारे लोक नाक मुरडतात. मुंबई महापालिकेच्या 2006 च्या स्वच्छता उपविधींमध्ये पाळीव प्राण्याची घाण न उचलल्यास 500 रुपये दंड ठरवला गेला. तो कितीदा वसूल होतो हे आपल्या आसपासचा फुटपाथ बघून ज्याने त्याने ठरवावं.

तिसरा पत्ता हुकमाचा म्हणून टाकला जातो: ‘आधी भटक्या कुत्र्यांचं बघा. ते कुठे पिशवी घेऊन फिरतात?’

ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांना उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला आणि दोन आठवड्यांच्या आत तो बदलला. त्या दिवसांत अख्खा देश भटक्या कुत्र्यांवरून हमरीतुमरीवर आला होता. एका पक्षाला ती सगळी मारायची होती, दुसऱ्याला सगळी कुरवाळायची होती. या गदारोळात घरच्या कुत्र्याचा मालक मात्र अलगद सुटला. रस्त्यावरची कुत्री आकाशातून पडतात का? लॉकडाउनमध्ये करमत नाही म्हणून आणलेली, ऑफिस सुरू झाल्यावर नकोशी झालेली; गोंडस पिल्लू म्हणून आणलेली, दांडगी झाल्यावर हायवेच्या ढाब्याजवळ गाडीतून उतरवलेली; नसबंदी न केलेला घरचा नर रात्री फेरफटका मारून येतो, त्याची झालेली. हा पुरवठा कोण करतं?

2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत पाळीव प्राण्याचं जंतनिर्मूलन, लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी असल्याचं सरळ लिहिलेलं आहे. तरीही ‘एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, आईपण मिळू द्यावं तिला’ हे वाक्य सुशिक्षित घरांतून ऐकू येतं. आईपणाचा हा सोहळा आठ आठवड्यांत संपतो. सहा पिल्लांपैकी दोन नातेवाइकांकडे जातात, एक ड्रायव्हरला देतात. बाकीच्या तिघांचं काय झालं हे विचारू नये, असा शिष्टाचार आहे.

रेबीजने जगात होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे 36 टक्के भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि माणसाला होणारा रेबीज जवळजवळ नेहमीच कुत्र्याकडून होतो. कुत्र्यांपैकी 70 टक्क्यांना लस मिळत राहिली तर साखळी तुटते. हे पुस्तकी वाटत असेल तर शेजारी गोव्यात बघा. दरवर्षी गावोगाव, वाड्यावाड्यांवर जाऊन, पाळीव आणि भटकी असा भेद न करता, जाळ्यात धरून का होईना, कुत्र्यांना लस टोचली. 2021 मध्ये गोवा हे देशातलं पहिलं ‘रेबीज नियंत्रित’ राज्य म्हणून जाहीर झालं. तिथल्या लस टोचणाऱ्यांनी ‘आधी त्यांचं बघा’ असं म्हणून हात झटकले नाहीत. आपल्याकडे मालकाने महापालिकेचा परवाना काढून बिल्ला गळ्यात अडकवावा, एवढंही होत नाही. ‘आमचा कुठे चावतो?’ न चावणाऱ्या कुत्र्यालाही रेबीज होतो. मग तो चावतो.

मला सर्वांत जास्त चीड येते ती चौथ्या युक्तिवादाची, कारण तो सर्वांत गोड आहे. ‘पट्टा म्हणजे गुलामी. त्यालाही मोकळं धावावंसं वाटतं हो.’

वाटतं, नक्की वाटतं. म्हणून त्याला मोकळं धावायला बंदिस्त जागा हवी, आणि त्यासाठी महापालिकेच्या दारात बसायला मी तुमच्याबरोबर येईन. पण टेकडी, माळ आणि समुद्रकिनारा रिकामे आहेत असं तुम्हाला कोणी सांगितलं? टिटवी जमिनीवर अंडी घालते. चंडोल, रातवा, तित्तर, सगळे जमिनीवर. टिटवीची वीण ऐन उन्हाळ्यात असते. कुत्रा अंडी खातोच असं नाही. तो नुसता धावत जवळ गेला तरी टिटवी घरट्यावरून उठते आणि आरडाओरडा करत घिरट्या घालते. मालकाला मौज वाटते, तो व्हिडिओ काढतो. एप्रिलच्या उन्हात सावली धरणारी आई उठली की त्या अंड्यांवर काय वेळ येते याचा त्या व्हिडिओत पत्ता नसतो.

हे माझं हळवेपण समजू नका. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर अबी तमीम वनक यांनी खोकडांचा अभ्यास केला. कुत्र्यांचा वावर असेल तो भाग खोकड टाळते, हे त्यांना दिसलं. पाठलाग नाही, चावा नाही, नुसता वावर पुरे. त्याच भागातल्या कुत्र्यांच्या रक्ताची तपासणी अनिरुद्ध बेलसरे आणि सहकाऱ्यांनी केली, तेव्हा बहुतेकांना पार्व्हो आणि डिस्टेंपर होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. ज्या माळावर माळढोकासाठी अभयारण्य राखलं त्या माळावर हे. 2018 मध्ये वनक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या घटना एकत्र केल्या तेव्हा कुत्र्यांनी हल्ला केलेल्या वन्य प्राण्यांच्या प्रजाती 80 भरल्या, त्यांतल्या 31 धोक्यात असलेल्यांच्या यादीतल्या. त्याच वर्षी गीरमध्ये काही आठवड्यांत 23 सिंह मेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुशास्त्र संस्थेच्या तपासणीत त्यांच्यातल्या काहींमध्ये डिस्टेंपरचा विषाणू निघाला. कॅनाइन डिस्टेंपर! घरच्या पिल्लाला पहिल्या काही महिन्यांत जी लस देतात त्यात याच रोगावरची मात्रा असते.

कोकणात वेळासला, आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाळूतून काढून जाळीच्या कुंपणात का हलवतात? पुष्कळदा कुत्र्यांमुळेच, ती घरटी उकरून खातात. त्याच किनारपट्टीवर आपले ‘पेट फ्रेंडली’ वीकेंड साजरे होतात, लाटांमध्ये धावणाऱ्या गोल्डन रिट्रीव्हरच्या फोटोखाली ‘निसर्गाच्या कुशीत’ असं लिहिलेलं असतं.

आणि ज्यांना फार्महाउसवर कुत्रा रात्री मोकळा हवा असतो त्यांनी अकोले तालुक्यातला बिबट्या काय खातो ते वाचावं. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात त्याच्या आहारातला सर्वांत मोठा वाटा, वजनाने सुमारे 39 टक्के, कुत्र्यांचा निघाला. मोकळा सोडलेला कुत्रा बिबट्याला वस्तीची वाट दाखवतो. नंतर पिंजरा लावा म्हणून वनखात्यावर ओरडायला तोच मालक पुढे.

जातिवंत कुत्र्यांचा शौक हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे थोडक्यात उरकतो. सायबेरियातल्या बर्फासाठी घडलेला हस्की नागपुरात मे महिन्यात पाळायचा आणि त्याच्यासाठी चोवीस तास एसी लावायचा, म्हणजे चंद्रपूरचा कोळसा जाळायचा. 2003 च्या आसपास मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक पग आला आणि शहरभर धापा टाकणारी, चपट्या नाकाची, धड श्वास घेता न येणारी पिल्लं विकली गेली. याला प्रेम म्हणतात? सरकारने 2016 मध्ये पैदाशीच्या धंद्यासाठी परदेशी कुत्री आणायला बंदी घातली. 2017 च्या नियमांनी पैदास करणाऱ्याला नोंदणी सक्तीची केली, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई केली. पिल्लू घेताना नोंदणीचा कागद मागून बघा. बहुतेक ठिकाणी तुम्हाला चहा मिळेल, कागद नाही. याच मातीतली कारवानी, पश्मी, मुधोळ ही कुत्री आपण विसरलो. मुधोळवर तर 2005 मध्ये टपाल तिकीट निघालं आणि लष्करानेही त्याची चाचणी घेतली. अर्थात मैलभर धावायला जन्मलेल्या कारवानीला टू बीएचकेत कोंडणं हाही स्वदेशी मूर्खपणाच. दारातली, पालिकेच्या निवाऱ्यातली, उन्हाला सरावलेली गावठी कुत्री मात्र कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. त्यांचा कागद नसतो ना.

शेवटचा गट सर्वांत आधुनिक. त्याला वरचं सगळं मान्य असतं आणि त्यावर उपायही सापडलेला असतो: खरेदी. बांबूचा ब्रश, तागाची गादी, सेंद्रिय बिस्किटं, ‘बायोडिग्रेडेबल’ पिशव्यांचा रोल. त्या पिशव्या बहुतेक औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पाच्या उष्णतेतच कुजतात; उरुळी-फुरसुंगीच्या कचरा डेपोत त्या बाकीच्या प्लास्टिकसारख्याच पडून राहणार. पाकिटावर प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक आहे का, हे तरी बघता का? दाण्यांची पिशवी अनेक थरांच्या प्लास्टिकची, तिचं काही होत नाही.

खाण्याचं तर विचारूच नका. संशोधक ग्रेगरी ओकिन यांनी 2017 मध्ये हिशेब मांडला: अमेरिकेत प्राणिजन्य अन्नाचा पर्यावरणावर जो भार पडतो, त्यातला पंचवीस ते तीस टक्के वाटा कुत्र्या-मांजरांच्या खाण्याचा आहे. आपल्याकडे अजून तेवढी कुत्री दाण्यांवर नाहीत. म्हणून तर आत्ताच बोलायला हवं. यावर दोन टोकं आहेत. एक जण कुत्र्याला नॉर्वेचा मासा भरवतो, दुसरा त्याला एकादशी करायला लावतो. दोघांनीही कुत्र्याला काही विचारलेलं नाही. कुत्रा माणसाजवळ हजारो वर्षं राहिला आणि लांडग्यापेक्षा त्याला पिष्टमय अन्न चांगलं पचू लागलं. 2013 मध्ये त्याच्या जनुकांतही हे दिसून आलं. ज्वारीची भाकरी, भात, अंडं, माणसं सहसा टाकून देतात ते प्राण्यांचे अवयव उकडून, कांदा-लसूण न घालता (त्याला ते विषच), पशुवैद्याला विचारून. यात फोटो काढण्यासारखं काही नाही, ही खरी अडचण.

गोचिडांच्या औषधाचंही तसंच. ससेक्स विद्यापीठाच्या अभ्यासात इंग्लंडमधल्या 20 नद्यांमधून 2016 ते 2018 या काळात घेतलेल्या पाण्याच्या 98 टक्के नमुन्यांत फिप्रोनिल सापडलं. तिथे शेतीत हे कीटकनाशक वापरत नाहीत. संशय थेट कुत्र्या-मांजरांच्या मानेवर लावायच्या थेंबांवर आला. आपल्याकडे ते थेंब शनिवारी लावतात आणि रविवारी कुत्र्याला खडकवासल्याच्या पाण्यात पोहायला नेतात. तेच पाणी शहर पितं.

तेव्हा कुत्र्यावरच्या प्रेमाचे दाखले कोणी मला देऊ नयेत. घराच्या आत तुम्ही त्याला पलंगावर झोपवता की वाढदिवसाला केक आणता, याच्याशी बाकीच्यांना काही देणंघेणं नाही. दाराबाहेर तो पडला की त्याची विष्ठा, त्याचे जंत, त्याची पिल्लं, त्याचा मोकळेपणा, त्याच्या गोचिडांचं विष, सगळं तुमच्या नावावर मांडलं जाणार. कुत्र्याला यातलं काही कळत नाही आणि त्याचा यात काडीचाही दोष नाही. दोष उभ्या माणसाचा आहे, ज्याला निसर्गावरचं प्रेम फुकटात हवं आहे आणि त्याची किंमत सफाई कामगाराने, टिटवीने, खोकडाने, शेजारच्या पोराने भरावी असं वाटतं.

कुत्रा बारा-पंधरा वर्षं जगतो. तेवढी वर्षं, भर पावसात, सणासुदीला, पाहुणे आलेले असताना, दिवसातून दोनदा खाली वाकायची तयारी नसेल तर पिल्लू घरी आणू नका.